डबा कोणी घासायचा?

८०८५ हा मायक्रोप्रोसेसर स्वभावानं सरळ आहे, पण त्याला रीतभात अशी काही नाही. 'कॉल' म्हटलं की तो जातो, 'रिटर्न' म्हटलं की परत येतो. जाताना परतीचा पत्ता तेवढा स्टॅकवर टाकून ठेवतो. तुमच्या रजिस्टरांत काय होतं, तिकडं गेल्यावर त्याचं काय झालं, आणलेलं उत्तर कुठं ठेवलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. इंटेलनं १९७६ साली त्याला बाजारात आणलं तेव्हा चाळीस पाय दिले, एकट्या पाच व्होल्टवर चालायची काटकसर दिली (नावातला शेवटचा पाच तिथलाच), शिष्टाचार मात्र द्यायचा राहिला. तो पुढं माणसांनी आपापसांत ठरवला. आणि माणसांनी आपापसांत ठरवलेल्या गोष्टींचं पुढं काय होतं, हे सातारा-सांगलीकडं लग्नाची एक तरी बैठक बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

आता हा अमेरिकेतला जीव कृष्णाकाठी आला कसा? सांगलीत इंजिनीअरिंग कॉलेज जुनं. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली ते काढलं आणि १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पण ८०८५चा खरा सुकाळ झाला तो १९८३ नंतर. त्या वर्षी मुख्यमंत्री असलेल्या वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा सांगलीचे, स्वतःचं शालेय शिक्षण जेमतेम. पण त्यांच्या त्या एका निर्णयानं असं झालं की ज्या रस्त्यावर आधी साखर कारखाना, मग दूध संघ, मग सूतगिरणी लागायची, त्या रस्त्यावर आता मायक्रोप्रोसेसर लॅबही लागू लागली. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेल्या एसटीत उभं राहून पोरं हेक्साडेसिमल पाठ करू लागली.

त्या लॅबमध्ये असायचं 'किट'. म्हणजे लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत झोपवलेला हिरवा बोर्ड, त्यावर सहा लाल आकडे आणि हेक्सचा छोटा कीबोर्ड. सहा आकड्यांतले चार पत्त्याचे, दोन त्या पत्त्यावर राहणाऱ्या मजकुराचे. कीबोर्डवरची जी बटणं सगळ्यात जास्त लागतात त्यांच्यावरची अक्षरं सगळ्यात आधी पुसलेली असायची, त्यामुळं 'रीसेट' कुठलं आणि 'नेक्स्ट' कुठलं ही विद्या वरच्या वर्गाकडून तोंडी मिळवावी लागे. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, मग तक्त्यात बघून प्रत्येक सूचनेचा आकडा काढायचा. कॉलचा सीडी, रिटर्नचा सी-नऊ. मग ते आकडे एकेक करून 'फीड' करायचे. हे चालू असताना भारनियमनाची वेळ व्हायची. वीज गेली की रॅम गेली, रॅम गेली की दीड तासाचं फीडिंग गेलं. अंधारात सगळ्या बॅचचा एकच 'आऽऽ' उठायचा आणि लॅबचे मामा शांतपणे खिडक्या उघडायचे. मामांना मायक्रोप्रोसेसर कळत नसे, पण महावितरण कळत असे.

मेन प्रोग्रॅम आणि सबरूटीन ही भानगड याच फीडिंगच्या कंटाळ्यातून पोरांना प्रिय झाली. तेच तेच काम पुन्हापुन्हा करायचं तर ते एकदाच लिहावं आणि लागेल तेव्हा कॉल करावा. कॉल म्हणजे तीन बाइटांची सूचना. ती आली की ८०८५ पुढच्या सूचनेचा पत्ता स्टॅकवर ठेवतो आणि उडी मारतो. स्टॅक रॅममध्येच, पण वरून खाली वाढतो. जायला अठरा टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, रिटर्नला दहा. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचं धरलं तर जाऊन-येऊन साधारण सव्वानऊ मायक्रोसेकंद. एवढ्यात आपल्याकडं कुणी पत्ता सांगायला तोंडसुद्धा उघडत नाही.

प्रश्न उरतो तो सामानाचा. ८०८५कडं कामाची रजिस्टरं मोजून सात: ए, बी, सी, डी, ई, एच आणि एल. मेन प्रोग्रॅमलाही तीच वापरायची आणि सबरूटीनलाही तीच. दोन खोल्यांच्या चाळीत लग्नघर उतरवावं तशी गर्दी. आता सगळ्या कॉलेजांत सगळ्या बॅचना घडलेली गोष्ट बघा. दोन पार्टनर. एकानं मेन लिहिला: सी रजिस्टरमध्ये पाच भर, दिवा लाव, डिले कॉल कर, दिवा विझव, पुन्हा डिले कॉल कर, सी एकानं कमी कर, शून्य होईपर्यंत फिरत राहा. पाच वेळा लुकलुकून दिवा गप्प बसायला हवा. दुसऱ्यानं डिले लिहिला: बी-सीच्या जोडीत मोठा आकडा भर आणि तो शून्य होईपर्यंत उतरवत बस. दोघांचेही तुकडे वेगवेगळे तपासले तर निर्दोष. एकत्र केले की डिले परत येतो तेव्हा सी शून्य असतो. मेन त्यातून एक वजा करतो, शून्यातून एक गेला की २५५ उरतात, २५५ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून दिवा पुन्हा लागतो. पुन्हा डिले, पुन्हा शून्य, पुन्हा २५५. दिवा पाचदा नव्हे, वीज जाईपर्यंत लुकलुकतो.

आणि मग दोघांचा संवाद सुरू होतो.

"माझा सी कुणी घालवला?"

"मला काय माहीत तुझा सी हाय त्यो? नाव लिवलंय काय त्याच्यावर?"

"वापरायच्या आधी स्टॅकवर पुश करून ठेवायचा की लेका!"

"तुझी वस्तू, तू पुश करून ये. मी काय राखणदार हाय व्हय?"

गंमत अशी की दोघंही बरोबर असतात. दिवा मात्र लुकलुकत राहतो. सरांनी लांबून बघितलं तर 'छान, चाललंय की' म्हणून सहीही देऊन जातात, कारण पाचपर्यंत मोजत उभं राहायला वेळ कुणाला असतो?

हा वाद जगभरच्या संगणकवाल्यांनी 'कॉलिंग कन्व्हेन्शन' असं भारदस्त नाव देऊन मिटवायचा प्रयत्न केलाय. आपल्याकडं तो वाड्यात फार आधीपासून मिटलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली डबा पाठवतात. डब्यात पुरणपोळी. आता डबा परत जाताना घासून जायचा की तसाच? एक पंथ म्हणतो, ज्यानं खाल्लं त्यानं घासावा. दुसरा पंथ म्हणतो, ज्याचा डबा त्यानं घासावा, कारण दुसऱ्यानं घासलेला आपण पुन्हा घासतोच. शिवाय डबा रिकामा पाठवायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. ८०८५मध्ये ही साखर घालायची जागा म्हणजे ए रजिस्टर. सबरूटीननं उत्तर आणलं तर ते सहसा ए-मध्ये ठेवायचं आणि काही बिनसलं असेल तर कॅरी फ्लॅग लावून ठेवायचा, म्हणजे झाकण उघडायच्या आधीच काकूंना अंदाज येतो.

माझा असा एक सिद्धांत आहे (त्याला शिवाजी विद्यापीठाची किंवा दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाची मान्यता नाही) की या दोन पंथांची दोन गावं आहेत आणि ती एकाच नदीवर आहेत. ज्याला बोलावलं त्यानंच सगळं जागच्या जागी ठेवून परतायचं, हा सातारी पंथ. हे तिथल्या मातीतच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं आणि पोरांना स्वावलंबन शिकवलं. कमवायचं आणि शिकायचं. अशा गावातलं सबरूटीन दुसऱ्याची बी-सी जोडी वापरून तशीच टाकून येईल, हे शक्य तरी आहे काय? ते आत शिरल्याबरोबर आधी पुश बी, पुश डी, पुश एच असं सगळं रचून ठेवणार आणि निघताना उलट्या क्रमानं पॉप एच, पॉप डी, पॉप बी करून, खोली झाडून, मगच रिटर्न म्हणणार.

सांगलीचा पंथ वेगळा. तिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या नाटकांत पदं सगळी सूत्रधारानं म्हणायची. पात्रांना लिहून दिलेले संवाद नसत, त्यांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं आणि आत जायचं. म्हणजे सगळा भार कुणावर? बोलावणाऱ्यावर. ज्याला बोलावलं तो येईल, राक्षस असेल तर आरडाओरडा करील, रंगमंचावर काय मोडायचं ते मोडील आणि निघून जाईल. जपायचं काय ते सूत्रधारानं आधीच जपून ठेवावं. सांगलीकराचा मेन प्रोग्रॅम असाच असतो. कॉल करायच्या आधी तो आपल्याला पुढं लागणारी रजिस्टरं तेवढी पुश करतो, कॉल करतो, परत आल्यावर पॉप करतो आणि सबरूटीननं काय धुमाकूळ घातला याची चौकशीसुद्धा करत नाही.

दोन्ही पंथ शहाणे आहेत. सातारकरानं मेन लिहावा आणि सातारकरानंच सबरूटीन, सुखानं चालतं. सांगलीकर-सांगलीकर जोडीही तशीच. मेन सांगलीचा आणि सबरूटीन साताऱ्याचं असेल तर दोघंही सामान बांधतात. एक पुश बारा टी-स्टेटचा, एक पॉप दहाचा. ए आणि फ्लॅगची जोडी धरून चारही जोड्या राखायच्या तर ८८ टी-स्टेट, म्हणजे सुमारे एकोणतीस मायक्रोसेकंद, आणि ते दोन्हीकडून. मूळ काम सव्वादोन मायक्रोसेकंदाचं असेल, पण 'अहो राहू द्या, मी ठेवतो', 'छे छे, मीच ठेवतो' यात वेळ जातो. तरी काम होतं, हे महत्त्वाचं. खरी शोकांतिका उरलेल्या जोडीत आहे. मेन सातारकराचा, त्याला खात्री की आलेला माणूस सगळं जागेवर ठेवून जाईल. सबरूटीन सांगलीकराचं, त्याला खात्री की ज्याचं त्यानं आधीच आवरून ठेवलं असेल. दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास. अशा परस्परविश्वासानं जेवढी किट हँग झाली असतील तेवढी भारनियमनानंसुद्धा झाली नसतील.

पुश केलं आणि पॉप करायचं राहिलं, तर त्याहून मौज. ८०८५चा रिटर्न म्हणजे स्टॅकच्या टोकावर जे दोन बाइट असतील ते परतीचा पत्ता समजून तिकडं जाणं. तिथं बी-सी पडलेली असेल तर तोच पत्ता. बी-मध्ये ०५ आणि सी-मध्ये २० असेल तर स्वारी ०५२० या पत्त्यावर हजर. किटच्या रॉममध्ये तिथं काय लिहिलंय, हे त्या रॉमच्या कर्त्यालाच ठाऊक. लाल आकड्यांत मग जे उमटतं ते ना आकडे, ना अक्षरं. कुणी विचारलं, "काय झालं रे?" तर उत्तर एकच: "गेला." कुठं गेला, ते विचारायचं नसतं.

अतिसभ्य सबरूटीनचीही एक जात आहे, तिचा उल्लेख करायलाच हवा. सातारी संस्कार जरा जास्तच झाले की असं होतं. आत शिरताना हे सबरूटीन ए रजिस्टर आणि फ्लॅगसकट सगळं पुश करतं. मग मन लावून बेरीज करतं. उत्तर ए-मध्ये ठेवतं. आणि निघताना शिस्तीत सगळं पॉप करतं, त्यात ए-सुद्धा. झालं, ए-मध्ये पुन्हा जुनाच आकडा. घर लखलखीत, भांडं न भांडं जागेवर, फक्त ज्या कामाला बोलावलं होतं त्याचं उत्तर घासण्यात धुऊन गेलं. अशा सबरूटीनला रागवताही येत नाही. त्याचं वागणं इतकं चांगलं असतं.

या सगळ्यावरचा उपाय इंटेलनं स्वतःच छापून दिला होता. एसडीके-८५ नावाचं त्यांचं किट, आपल्याकडची बरीचशी किटं त्याच घराण्यातली. त्याच्या रॉममधल्या मॉनिटर प्रोग्रॅमची सगळी यादी पुस्तिकेत दिलेली असे. प्रत्येक सबरूटीनच्या डोक्यावर चार ओळींचा परिचय: आत काय लागतं, बाहेर काय मिळतं, हे आणखी कुणाकुणाला बोलावतं, आणि शेवटची ओळ, कुणाकुणाचा नाश करतं. आकडे दाखवणारं एक साधं सबरूटीन घ्या. नाशाच्या ओळीत सातही रजिस्टरं आणि वर फ्लॅग. म्हणजे हा माणूस कामाला चोख, पण घरातलं काही शिल्लक ठेवणार नाही, आणि तसं तो दारातच सांगतो. इतका प्रामाणिकपणा मी तरी कुठल्या लग्नपत्रिकेत किंवा बायोडेटात वाचलेला नाही.

गावकरांनीही हेच सांगितलं. गावकर म्हणजे रमेश गावकर, न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूसच्या ऑनॉन्डागा कम्युनिटी कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, ज्यांचं ८०८५वरचं जाडजूड पुस्तक भारतभरच्या पोरांनी उशाशी घेऊन काढलं. सबरूटीन लिहिलं की त्याबरोबर त्याचं काम काय, आत काय घेतो, बाहेर काय देतो, कुठली रजिस्टरं बदलतो, हे लिहून ठेवा, असं ते पुस्तक समजावून सांगतं. पोरांनी त्या पुस्तकातले सोडवलेले प्रोग्रॅम निष्ठेनं उतरवून घेतले. बाजूची टिपणं उतरवायला हात दुखत असावेत.

आपणच तेवढे असे, असं वाटून कुणी खजील व्हायचं कारण नाही. डीईसी कंपनीचा पीडीपी-८ हा १९६५चा संगणक. त्याच्याकडं स्टॅकच नव्हता. सबरूटीनला बोलावलं की परतीचा पत्ता त्या सबरूटीनच्याच पहिल्या शब्दात लिहिला जायचा. ते परतायच्या आधी त्याला पुन्हा बोलावलं की जुना पत्ता पुसून नवा. म्हणजे सबरूटीननं स्वतःलाच हाक मारली तर ते जन्मभर स्वतःच्याच उंबऱ्यावर. आयबीएमनं १९६४ साली सिस्टिम/३६० काढताना रीतसर सरकारी तोडगा शोधला: बोलावणाऱ्यानं ७२ बाइटांची मोकळी जागा द्यायची आणि येणाऱ्यानं बोलावणाऱ्याची रजिस्टरं त्या जागेत नेऊन ठेवायची. कपाट तुझं, घड्या मी घालतो. मोठ्या कंपन्यांत सगळी कामं का होतात आणि हळू का होतात, याचं उत्तर यात असावं.

लहान यंत्रांच्या जगात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमनं एक नियम घातला. कुठलंही काम असो, सी रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक घाला, डी-ई जोडीत सामानाचा पत्ता घाला आणि पाच नंबरच्या पत्त्यावर कॉल करा. सगळ्यांना एकच खिडकी. त्यातलं नऊ नंबरचं काम म्हणजे मजकूर दाखवणं, आणि मजकूर कुठं संपला ते कळायला शेवटी डॉलरचं चिन्ह. डॉसनं पुढं तीच रीत उचलली. नऊ नंबरही तोच आणि डॉलरही तोच. परिणामी या सोयीनं अमेरिकेतल्या दुकानदाराला डॉलरमध्ये किंमत दाखवायची झाली तर आकड्याच्या आधीच मजकूर खलास. सांगलीच्या भडंगवाल्याला आणि साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्याला या नियमाचा काडीचा त्रास झाला नाही. जागतिक मानक ठरवताना आपला फायदा झाला, असं हे दुर्मीळ उदाहरण.

८०८५ची परीक्षा दिली की पुढं ८०८६. हा १९७८चा, थोरला. याच्याकडं स्टॅकवरून सामान पाठवायची सोय बरी होती, त्यामुळं भांडण रजिस्टरांवरून स्टॅकवर सरकलं. पाठवलेलं सामान स्टॅकवरून आवरायचं कुणी? पास्कल भाषेची रीत: ज्याला बोलावलं त्यानं रिटर्नबरोबरच आवरून जावं. सी भाषेची रीत: पाठवणाऱ्यानं परत आल्यावर स्वतः आवरावं. सी-वाल्यांचंही एका अर्थी बरोबर होतं. त्यांच्या प्रिंटएफला कधी एक गोष्ट पाठवतात, कधी सात. डब्यात किती वाट्या घातल्या होत्या, हे पाठवणाऱ्या काकूंनाच पक्कं माहीत, घेणारा कशाच्या भरवशावर मोजून घासणार? उलट शंभर ठिकाणांहून एकालाच बोलावलं जात असेल तर आवरायची सूचना शंभर ठिकाणी लिहिण्यापेक्षा त्या एकानंच आवरलेलं स्वस्त. सुरुवातीच्या विंडोजनं म्हणूनच पास्कलची रीत धरली, बाइट वाचवायला. म्हणजे विंडोजवाल्यांच्या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातसुद्धा शेवटी सातारी पंथ जिंकला, आणि तो तत्त्वासाठी नव्हे, काटकसरीसाठी. सातारकरांना हे कळवलं तर वाईट वाटणार नाही.

मग आला ८०५१. इंटेलचाच, १९८०चा. ८०८५मध्ये स्टॅक खाली वाढतो हे मोठ्या कष्टानं डोक्यात बसवलेल्या पोराला पुढच्या सेमिस्टरला सांगितलं जातं की इथं तो वर वाढतो. रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर सातवर असतो, त्यामुळं पहिला पुश आठव्या घरात, आणि आठवं घर नेमकं दुसऱ्या रजिस्टर बँकेतलं पहिलं रजिस्टर. अंगणभर मिळून १२८ बाइट, त्यात स्टॅक परक्याच्या दारात मांडी घालून बसलेला. "सर, हे खालून वर का?" असं एखादा विचारतो. सर फळा पुसत सांगतात, "परीक्षेत दोन मार्काला आहे."

आजचे प्रोसेसर या वादात शहाणे झालेत. त्यांनी सरळ वाटणी केली. जुन्या एआरएमचं बघा: आर-० ते आर-३ ही रजिस्टरं ओसरीवरची, सामान त्यातून पाठवायचं आणि येणाऱ्यानं ती खुशाल वापरायची. आर-४ पासून पुढची बहुतेक माजघरातली, वापरलीस तर होती तशी ठेवून जायचं. दोन्ही पंथांना अर्धं अर्धं. आपल्याकडं ही वाटणी आधीच होऊन गेली आहे. १९४९ साली मोठ्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले, आणि दक्षिण सातारा १९६० साली सांगली झाला. महामार्गावर मालखेड मागं पडून कासेगाव आलं की रजिस्टरं बदलली, असं समजायचं. अर्थात वाटणी झाली म्हणून भांडण संपतं, असं ज्याला वाटतं त्यानं कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसून यावं. ६४ बिटांच्या इंटेल यंत्रावर आजही लिनक्सवाले पहिल्या सहा गोष्टी रजिस्टरांतून पाठवतात, विंडोजवाले चारच. यंत्र तेच, चूल वेगळी.

बघा, पन्नास वर्षांत प्रोसेसर हजारपट वेगवान झाले, पण हमी अजून एकाच गोष्टीची देतात: जिथून निघालो तिथं परत येईन. बाकी सगळं तोंडी. आणि तोंडी ठरलेलं फक्त ठरवणाऱ्या दोघांनाच माहीत असतं, त्यातल्याही एकाला चुकीचं. म्हणून शहाणी माणसं ते कागदावर आणतात. बाकीच्यांनी कागदावर न आणता पास कसं व्हायचं, याचीही एक रीत आपल्याकडच्या पोरांनी बसवली आहे. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती पाहायला मिळते.

परीक्षेला एक्स्टर्नल येतात दुसऱ्या कॉलेजातून. लॅबच्या दाराशी पोरांची रांग. कुणाच्या हातात गावकर, कुणाच्या हातात मित्राचं जर्नल. रजिस्टरं राखायची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न हमखास येणार, हे वरच्या वर्गानं सांगितलेलं. रांगेतला पहिला पोरगा चहाचे कप घेऊन बाहेर येणाऱ्या मामांना गाठतो.

"मामा, एक्स्टर्नल कुठलं?"

सांगलीचं असेल तर उत्तर ठरलेलं: कॉल करणाऱ्याची. साताऱ्याचं असेल तर तेही ठरलेलं: ज्याला कॉल केलं त्याची. मामा कप सावरत म्हणतात,

"कऱ्हाडचं हायती."

रांगेत कुजबुज. कऱ्हाड जिल्ह्यानं साताऱ्याचं, वाऱ्यानं सांगलीचं. तिथलं सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज १९६०चं, आणि माणूस कुठल्या पंथाचा निघेल याचा नेम नाही. पहिला पोरगा घाम पुसून आत जातो. प्रश्न येतो. पोरगा क्षणभर छताकडं बघतो आणि म्हणतो, "सर, ते कमेंटमध्ये लिहिलेलं असतं. लिहिलं असेल तसं धरायचं."

एक्स्टर्नल खूश. गेल्या चार कॉलेजांत एवढं नेमकं उत्तर त्यांना मिळालेलं नसतं. "वा! मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये काय लिहिलंय? दाखवा."

पोरगा जर्नल उघडतो. पट्टीनं आखलेले पाच रकाने: पत्ता, हेक्स कोड, लेबल, सूचना, कमेंट. कमेंटच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'प्रोग्रॅम सुरू' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, आणि तिथून खाली पान संपेपर्यंत प्रत्येक ओळीत 'डिट्टो'च्या दोन दोन टिकल्या.